टाके भरले, तरी त्रास उरला : वाचकांचे प्रश्न

या वेळी तीन पत्रे एकाच विषयावरची, बाळंतपणानंतर उरणाऱ्या शारीरिक त्रासावरची, निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे वय ३१ वर्षे असून पहिल्या बाळंतपणाला साडेपाच महिने झाले आहेत. कळा बराच वेळ चालल्या आणि शेवटी चिमटे लावून प्रसूती करावी लागली. बाळाचे वजन ३.८ किलो होते. सहाव्या आठवड्याला टाके भरून आल्याचे सांगितले गेले. परंतु शिंक आली, खळखळून हसले किंवा गाडी गतिरोधकावरून गेली की थेंब थेंब लघवी होते, वायू सरतो तो आवरता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटते. रुग्णालयात विचारले तेव्हा ‘बाळ झाल्यावर असे होतेच, जाईल हळूहळू’ असे उत्तर मिळाले. डिस्चार्ज कार्डावर ‘थर्ड डिग्री टेअर’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. आई म्हणते पोट घट्ट बांध, सासूबाई म्हणतात दुसरे मूल झाले की पिशवीचे ऑपरेशन एकदाच करून टाकू. पुढच्या महिन्यात हिंजवडीला कामावर रुजू व्हायचे आहे. कोणाला दाखवू, व्यायामाने बरे होईल की ऑपरेशनच लागेल, आणि हे बोलू तरी कोणाशी?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट डिस्चार्ज कार्डावरची ती नोंद आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. प्रसूतीच्या वेळी योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग फाटतो, तेव्हा त्या जखमेच्या चार श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत केवळ त्वचा फाटते, दुसऱ्या श्रेणीत तिच्याखालचे स्नायूही फाटतात, तिसऱ्या श्रेणीत जखम गुदद्वार आवळून धरणाऱ्या वर्तुळाकार स्नायूपर्यंत पोहोचते आणि चौथ्या श्रेणीत आतल्या अस्तरापर्यंत जाते. तुमची जखम तिसऱ्या श्रेणीची होती. पहिलेच बाळंतपण, लांबलेल्या कळा, चार किलोच्या आसपासचे बाळ आणि चिमट्यांचा वापर ही या जखमेची ओळखीची कारणे आहेत. ‘जोर नीट लावला नाहीस’ असे कोणी म्हणाले असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

वायू न आवरणे हे थेट या जखमेशी जोडलेले लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. लघवीचे थेंब आणि संध्याकाळचा जडपणा यांचे मूळ थोडे वेगळे आहे. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तो पेलतो. यालाच डॉक्टर ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. बाळाचे डोके बाहेर येताना हे स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, क्वचित हाडाजवळच्या टोकाला तुटतातही, आणि तसे होण्याची शक्यता चिमट्याच्या प्रसूतीत जास्त असते. पडदा सैलावला की खोकताना मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार कमी पडतो आणि थेंब गळतात. दिवसभर उभे राहून तो थकला की अवयव किंचित खाली सरकतात आणि जड वाटू लागते. सकाळी बरे आणि दिवेलागणीला वाईट, हा क्रम मी जवळजवळ प्रत्येकीकडून ऐकते.

आता ‘असे होतेच’ या उत्तराविषयी. ते अर्धे खरे आहे. बाळंतपणानंतर काही काळ लघवी गळणे अनेकींना होते आणि पुष्कळजणींचे ते पहिल्या काही महिन्यांत कमीही होते. तिसऱ्या श्रेणीची जखम नीट शिवली गेली असेल तर वर्षअखेरीस ६० ते ८० टक्के स्त्रियांना तक्रार उरत नाही, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. परंतु ‘होतेच’ हे निदान नाही. ज्या स्त्रीची जखम तिसऱ्या श्रेणीची होती आणि जिला पाच महिन्यांनंतरही तीन वेगवेगळी लक्षणे आहेत, तिला न तपासता थांबायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

कोणाला दाखवावे, याचे उत्तर पुण्यात राहणाऱ्या स्त्रीसाठी इतर अनेकींच्या मानाने सोपे आहे. शक्य असेल तर युरोगायनॅकॉलॉजी, म्हणजे स्त्रियांचे मूत्रविकार आणि अंग बाहेर येणे, या विषयाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. ते जमत नसेल तर मोठ्या रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग गाठा. ससून, रास्ता पेठेतील के. ई. एम., धनकवडीचे भारती किंवा पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय अशा ठिकाणी स्त्रीरोग, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी हे विभाग एकाच आवारात असल्यामुळे एका विभागाची चिठ्ठी घेऊन दुसऱ्याकडे जाण्यासाठी शहर ओलांडावे लागत नाही. गुदद्वाराच्या स्नायूसाठी मोठ्या आतड्याच्या व गुदद्वाराच्या शल्यचिकित्सकांचे मतही लागेल.

बाह्यरुग्ण विभागात तुमच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात आणि लाजेपोटी त्यातली निम्मी ‘थोडा त्रास होतो’ म्हणण्यात जातात. म्हणून वाक्य घरूनच तयार करून न्या : ‘चिमट्याच्या प्रसूतीत मला थर्ड डिग्री टेअर झाला होता. वायू आवरत नाही, खोकताना लघवी होते आणि संध्याकाळी खाली जड वाटते. मला पेल्व्हिक फ्लोअरची पूर्ण तपासणी करून हवी आहे.’ सोबत डिस्चार्ज कार्ड ठेवा. शिवाय तीन दिवसांची नोंद न्या : किती वाजता किती पाणी किंवा चहा घेतला, किती वेळा लघवीला गेलात, कधी आणि काय करताना थेंब गळले. वहीचे एक पान पुरते, पण त्या पानावरून डॉक्टरांना कळते की लघवी दाबामुळे गळते की अचानक येणाऱ्या घाईमुळे, आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

तपासणीत काय होते हे आधी माहीत असले की भीती निम्मी होते. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहिले जाते. मूत्राशय थोडे भरलेले असताना तुम्हाला खोकायला सांगतात. त्यानंतर योनिमार्गात हातमोजे घातलेले बोट ठेवून स्नायू आवळायला आणि मग सोडायला सांगतात, त्यावरून त्यांची ताकद आणि दोन्ही बाजूंतला फरक कळतो. अवयव किती खाली येतात हे जोर करायला लावून पाहिले जाते. झोपून काही दिसले नाही तर ‘मला उभे करून तपासा’ असे म्हणायला कचरू नका, कारण काही स्त्रियांत उतरलेले अंग उभ्यानेच कळते. गुदद्वाराच्या स्नायूसाठी आतून करायची एक विशेष सोनोग्राफी असते आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री असते; तुमच्या बाबतीत या दोन्हींची चौकशी आवर्जून करा. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका किंवा घरचे माणूस सोबत असावे, हा तुमचा हक्क आहे.

व्यायाम की ऑपरेशन, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : आधी व्यायाम, तोही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आणि किमान तीन महिने. या व्यायामांना ज्यांचे नाव मिळाले त्या अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यांविषयी लिहिले. योगवर्गाला गेलेल्या पुणेकरणीला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आठवतील आणि क्रिया बरीचशी तशीच आहे. कृती अशी. आधी उताणे झोपून गुडघे वाकवा. वायू अडवायचा आहे अशा बेताने गुदद्वार आवळा आणि ते आवळणे पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत-वर ओढा. श्वास चालू राहिला पाहिजे. कुल्ले, मांड्या आणि पोट सैल राहिले पाहिजेत. हातातला छोटा आरसा धरून पाहिले तर दोन मार्गांमधला भाग आत ओढला जाताना दिसतो. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळण्याऐवजी जोर देत आहात आणि त्याने त्रास वाढेल. जमेल तितके सेकंद धरून मग पूर्ण सोडा. सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. अशी किमान आठ आकुंचने दिवसातून तीन वेळा करावीत. लघवी चालू असताना मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

देखरेखीचा आग्रह मी यासाठी धरते की, तोंडी सूचना ऐकून घरी व्यायाम करणाऱ्या बऱ्याच स्त्रिया चुकीचे स्नायू आवळत असतात आणि चार महिन्यांनी ‘व्यायाम करून पाहिला, उपयोग झाला नाही’ असे सांगतात. स्त्रीआरोग्यात काम करणारे फिजिओथेरपिस्ट बोटाने तपासून किंवा बायोफीडबॅकच्या पडद्यावर तुमचेच आकुंचन दाखवून चूक दुरुस्त करतात. स्नायू अगदीच प्रतिसाद देत नसेल तर सौम्य विद्युत उत्तेजनही देतात. पुण्यात संचेती, भारती विद्यापीठ यांसारख्या संस्थांची फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. तेथे फोन करून ‘पेल्व्हिक फ्लोअरसाठी कोण पाहते’ एवढेच विचारावे, कारण कंबरदुखी पाहणारे प्रत्येक जण हे काम करत नाहीत. तोवर एक युक्ती आजपासून वापरता येईल : खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, बाळाला उचलण्याआधी किंवा गतिरोधक समोर दिसताच स्नायू आवळून धरा आणि तो क्षण गेला की सोडा.

पोट घट्ट बांधण्याविषयी आईंना दुखवायचे नाही. सैलसर आधाराने कंबरेला बरे वाटते हे खरे आहे. परंतु कचकून बांधलेला पट्टा पोटातला दाब खाली ढकलतो आणि खालचा पडदा आधीच दुबळा असताना ते नको. बद्धकोष्ठतेकडे मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्ष द्यावे. लोहाच्या गोळ्या, डिंकाचे लाडू, कमी पाणी आणि बाळापायी पुढे ढकललेला संडास यांनी मळ खडा होतो आणि प्रत्येक वेळी कुंथण्याने महिन्याच्या व्यायामावर पाणी पडते. भाज्या, फळे, पुरेसे पाणी आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घेतले तर गुडघे वर येऊन मार्ग सरळ होतो. उकिडवे बसण्यात हा फायदा आपोआप मिळतो, पण मोबाइल घेऊन बराच वेळ बसण्यात नाही.

सासूबाईंच्या सूचनेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. गर्भपिशवी काढल्याने लघवी गळणे थांबत नाही आणि गुदद्वाराचा स्नायूही दुरुस्त होत नाही. नुसती पिशवी काढून खालचा आधार तसाच ठेवला, तर पुढे मूत्राशय किंवा योनिमार्गाचा वरचा भागच खाली येऊ शकतो. लघवीसाठी लागलीच तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्यासारख्या वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत, आणि आणखी मूल हवे असेल तर त्या सहसा नंतरसाठी ठेवल्या जातात. दुसऱ्या मुलाचा विचार मात्र पुढे ढकलण्याचा नव्हे, आताच नोंदवून ठेवण्याचा विषय आहे. तिसऱ्या श्रेणीची जखम होऊन लक्षणे उरली असतील किंवा सोनोग्राफीत स्नायूत खंड दिसत असेल, तर पुढची प्रसूती नियोजित सिझेरियनने करावी का, यावर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ज्येष्ठ डॉक्टरांशी चर्चा झाली पाहिजे. गुदद्वाराच्या स्नायूच्या जखमेपासून सिझेरियन वाचवते. लघवीच्या तक्रारीपासून ते पूर्ण संरक्षण देत नाही, कारण गरोदरपणाचा भारच त्याला अंशतः कारण असतो.

नोकरीबाबत एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी २६ आठवड्यांच्या रजेव्यतिरिक्त एक महिन्यापर्यंतची पगारी रजा प्रसूती लाभाच्या कायद्यात आहे; त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्जात ‘प्रसूतीनंतरची गुंतागुंत, उपचार चालू’ एवढे लिहिले तरी पुरे, मनुष्यबळ विभागाला सगळा तपशील सांगण्याची सक्ती नाही. सुरुवातीचे काही आठवडे घरून काम मिळत असेल तर संकोच न करता मागा. हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये बसून लघवीची चिंता करणे हा उपचाराचा भाग नाही.

बोलायचे कोणाशी, हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिला असला तरी मी त्याला शेवटचा मानत नाही. ब्रिटनमध्ये अशाच जखमा झालेल्या मातांसाठी ‘मॅसिक’ नावाची संस्था आहे आणि तिची इंग्रजीतील माहिती कोणालाही वाचता येते. आपल्याकडे हा आधार बहुतेक वेळा फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मिळतो, हे मी पाहिले आहे. पतीला पहिल्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांनी दाखवलेली आकृती त्यांनाही पाहू द्या. सतत रडू येणे, बाळ जवळ नकोसे होणे, प्रसूतीचा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे असे होत असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तेथे मराठीत बोलता येते. आणि संडासवर ताबा राहत नसेल, योनिमार्गातून मळ किंवा वायू येत असेल, लघवी अजिबात होत नसेल किंवा ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर वेळ घेऊन भेटण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझे वय ६२ आहे. चार बाळंतपणे घरीच झाली. गेली काही वर्षे अंग बाहेर येते. पाण्याची कळशी उचलली की हाताला लागते आणि ते आत ढकलल्याशिवाय लघवी नीट होत नाही. मला मधुमेह आहे आणि हृदयाचे औषध चालू आहे. गावच्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले, मुलगा म्हणतो हृदय झेपणार नाही. आता असेच दिवस काढायचे का?
– एक वाचक, भोर तालुका

उत्तर : मावशी, असेच दिवस काढण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेशिवायचा एक उपाय तुमच्या पत्रात कोणीच सुचवलेला दिसत नाही, तो आहे पेसरी. ही मऊ सिलिकॉनची कडी असते. डॉक्टर तुमच्या मापाची कडी निवडून योनिमार्गात बसवतात आणि ती उतरलेल्या अवयवांना आतून तोलून धरते. योग्य माप बसले की ती आहे हे जाणवतही नाही. बसवल्यावर दवाखान्यातच चालून, उकिडवे बसून, खोकून आणि लघवीला जाऊन पाहावे. निसटली तर माप बदलतात, पहिल्याच वेळी बरोबर माप मिळेल असे नाही. पुढे साधारण तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून पुन्हा बसवली जाते. या फेऱ्या चुकवू नका, कारण वर्षानुवर्षे विसरलेली पेसरी आत रुतून जखम करते. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी व पातळ होते, म्हणून डॉक्टर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम लावायला देऊ शकतात. पाळी गेल्यानंतर कधीही रक्त गेले असेल तर ते आधी सांगा, त्याची तपासणी पेसरीच्याही आधी व्हायला हवी.

हृदयाचे औषध चालू आहे म्हणून शस्त्रक्रिया कायमची बादही होत नाही. भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी तपासून होकार दिला तर कमरेत इंजेक्शन देऊन योनिमार्गातूनच दुरुस्ती करता येते. तेव्हा एवढेच विचारा की, पिशवी काढण्याबरोबर आधाराची दुरुस्तीही करणार आहात ना? पिशवी ठेवूनही दुरुस्ती करता येते. तरुण स्त्रियांसाठी तशा शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी फार पूर्वीच रचल्या आणि त्यांच्या नावाने त्या आजही शिकवल्या जातात. योनिमार्गातून जाळी बसवण्याचा सल्ला मिळाला तर मात्र दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. अमेरिकेत २०१९ साली अंग बाहेर येण्यासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला होता. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि तुमची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. कळशी मात्र आजपासून मुलाने उचलावी.

प्रश्न : पत्नीच्या प्रसूतीला चार महिने झाले. टाक्यांच्या जागी तिला अजून दुखते आणि शरीरसंबंध तिला सहन होत नाही. ती डॉक्टरांकडे जायला तयार नाही. मी काय करावे?
– एक वाचक, निगडी

उत्तर : प्रथम, दुखणे थांबेपर्यंत संबंधाचा विषय तुमच्याकडून निघणार नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण डॉक्टरांकडे जाण्यातला मोठा अडथळा अनेकदा हाच असतो की, ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकून परत आले तर पुन्हा सहन करावे लागेल. तिच्या दुखण्याची कारणे शोधता येण्याजोगी आणि बहुतेक वेळा उपचार होण्याजोगी आहेत : व्रण कडक होणे, टाक्यांच्या जागी हुळहुळे मांस वाढणे, स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे येणारा कोरडेपणा, किंवा वेदनेच्या धास्तीने स्नायू सतत आवळलेले राहणे. शेवटच्या प्रकारात आवळण्याचे व्यायाम केल्याने दुखणे वाढते, तेथे सैल सोडण्याचे प्रशिक्षण लागते. म्हणून मोबाइलवर पाहून तिला केगेल व्यायाम सुरू करायला लावू नका. स्त्री डॉक्टरांची वेळ घ्या आणि पहिल्या भेटीत केवळ बोलायचे आहे, आतून तपासणी तिने हो म्हटल्यावरच करावी, असे वेळ घेतानाच सांगून ठेवा. त्या वेळात बाळाला सांभाळायला तुम्ही किंवा घरचे कोणी दवाखान्यात थांबा, कारण भुकेने रडणारे बाळ मांडीवर असताना कोणतीही आई स्वतःचे दुखणे पूर्ण सांगत नाही.